सुट्टींतील गुरुबंधु

विद्या वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांकडे येते हें खरें. परंतु ती पुष्कळदां एकाच उडींत येत नाहीं. मध्यें एक पायरी असते. तालमींत वस्ताद कोपऱ्यांत बसून पाहत असतो आणि नव्या पोराचा हात धरून त्याला पहिला डाव शिकवितो तो त्याच्याहून चार वर्षांनीं मोठा असलेला पठ्ठ्या. भजनी मंडळींत बुवांच्या मागें उभा राहणारा जुना टाळकरी नव्या टाळकऱ्यास ताल दाखवितो. पंतोजींच्या शाळेंत धुळाक्षरें गिरविणाऱ्या मुलाच्या शेजारीं बसून त्याचें बोट वळविण्याचें काम थोरला विद्यार्थीच करीत असे. या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्याकडे एक सुंदर नांव आहे: गुरुबंधु.

ही रीत इतकी अंगवळणीं पडलेली होती कीं तिचें कोणाला नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें एका परक्या गृहस्थास. मद्रासजवळ एग्मूर येथें सैनिकांच्या अनाथ मुलांचा आश्रम चालविणारे अँड्र्यू बेल यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढून शिकतांना पाहिलीं, तोच प्रयोग थोरल्या मुलांकरवीं आपल्या आश्रमांत करून पाहिला, आणि १७९७ सालीं लंडन येथें त्याचा वृत्तान्त छापला. पुढें इंग्लंडमध्यें हीच रीत ‘मद्रास पद्धति’ या नांवानें गाजली.

अक्षरें आणि पाढे शिकविण्यास जी पद्धति उपयोगी पडली, ती विज्ञानांतील शोधन शिकविण्यास कां उपयोगी पडूं नये, हा आजचा विषय आहे. अधिक नेमकें सांगावयाचें तर, महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या तरुणतरुणींनीं उन्हाळ्याच्या सुट्टींत आपल्याच गांवच्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना एखादें छोटें शोधकार्य करण्यास हात द्यावा, आणि या कामाचा मोबदला त्यांस रीतसर मिळावा. या विधानाचा पूर्वार्ध सर्वांना पटतो. उत्तरार्ध ऐकतांच मात्र पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. वास्तविक सगळी मख्खी त्या उत्तरार्धांतच आहे.

विचार हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें घेऊं. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा नांवाचें गांव आहे. पलीकडे मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्हा लागतो. मुलूख धानाचा. जवळच चांदपूरचा मोठा जलाशय. पावसाळ्यांत बावनथडी नदीचें पाणी सोंड्याटोला येथील उपसा योजनेनें उचलून याच जलाशयांत सोडतात, आणि त्याच्या भरवंशावर या परिसरांतील बांध्या पिकतात. तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग व चिखला येथें मँगनीजच्या खाणी आहेत. जिल्हाभर पसरलेले जुने मालगुजारी तलाव तर प्रसिद्धच आहेत. जमीनदारी हक्क रद्द करणारा कायदा १९५० सालीं झाल्यानंतर ते सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणूं लागले. सारांश, पाणी, माती, खनिज, बीं आणि पांखरें यांनीं भरलेली एक प्रयोगशाळा येथें उघड्यावर पडलेली आहे. कुलूप नाहीं, भाडें नाहीं. उणीव आहे ती फक्त तिच्यांत शिरून प्रश्न विचारणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या सोबत्याची.

हा सोबती कोठें सांपडावयाचा? तो मे महिन्यांत आपण होऊनच घरीं येतो. भंडारा जिल्ह्यांतील महाविद्यालयें १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. तुमसर, भंडारा, नागपूर येथें रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान शिकणारीं मुलें परीक्षा आटोपली कीं गांवाकडे वळतात. पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. शाळा बंद असतात. विदर्भांतील शाळा तर उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्रापेक्षां उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे एका घरांत विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी रिकामा आणि शेजारच्या घरांत नववींतली मुलगी रिकामी, अशी पांच-सहा आठवड्यांची गांठ दरसाल आयतीच पडते. आणि दरसाल ती कोणी न पाहतां सुटूनही जाते.

रिकामा हा शब्द मात्र जपून वापरावयास हवा. या भागांत उन्हाळा हा कमाईचा हंगाम आहे. चैत्रांत मोहफुलें वेंचावयाचीं असतात, मे महिन्यांत तेंदूपत्ता तोडावयाचा असतो. लग्नसराईंत वाढप्याचें काम मिळतें, तुमसरच्या दुकानांतून मदतनीस लागतात, कोणी नागपुरास बांधकामावर जातो. पुढील वर्षाची फी, खोलीचें भाडें आणि बसचा पास याच दोन महिन्यांत जमवावयाचा असतो. अशा विद्यार्थ्यास ‘बाबा रे, सुट्टींत मुलांना विज्ञान शिकव, पुण्य लागेल’ असें सांगणें म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखें आहे. त्याला शिकवावेंसें वाटत नाहीं असें नाहीं. त्याला तें परवडत नाहीं. विनावेतन सेवा सुखवस्तु घरालाच झेपते. ज्या योजनेंत मोबदला नाहीं तींत शहरांतील चांगल्या घरचीं मुलेंच मार्गदर्शक होतील, आणि सिहोऱ्याचा विद्यार्थी तेंदूच्या जंगलांत असेल.

मोबदल्याकडे पुन्हां वळण्यापूर्वीं, या वयाच्या मुलाचें ‘शोधकार्य’ म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. शोध म्हटला कीं मोठी दुर्बीण, पांढरा कोट आणि परदेशांतील प्रयोगशाळा मनासमोर उभी राहते. शाळांतील विज्ञान-प्रदर्शनांनीं तर निराळाच समज करून दिला आहे: थर्मोकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचें धरण, आणि मागें वडिलांनीं छापून आणलेला तक्ता. हें सजावटीचें काम वाईट नाहीं. पण तें शोधन नव्हे. कारण त्यांत उत्तर आधींच ठाऊक असतें. ज्याचें उत्तर विचारणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि जें मोजून, पडताळून काढतां येतें, असा प्रश्न हाच शोधनाचा प्रारंभ होय. तो लहान असला तरी चालतो.

उदाहरण धानाच्या बियाण्याचें घेऊं. पेरणीपूर्वीं दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें टाकावें, तरंगणारें हलकें बीं काढून टाकावें आणि तळाशीं बसलेलें बीं स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुऊन सावलींत सुकवावें, अशी कृषि खात्याची शिफारस आहे. पुष्कळ शेतकऱ्यांनीं ती ऐकलेली असते. थोडे ती पाळतात. आतां समजा, चार मुलांनीं ठरविलें कीं आपल्याच घरच्या बियाण्यावर ती पडताळून पाहावयाची. तळाशीं बसलेले शंभर दाणे, तरंगलेले शंभर दाणे, आणि मिठाच्या पाण्यांत न घातलेले शंभर दाणे अशा तीन ढिगाऱ्या करावयाच्या. त्या ओल्या गोणपाटांत वेगवेगळ्या गुंडाळून आठवडाभर ओल राखावयाची. आणि कोणत्या ढिगारींतले किती दाणे अंकुरले तें रोज मोजून वहींत लिहावयाचें. एकदां करून थांबावयाचें नाहीं, तीनदां करावयाचें. खर्च मूठभर मिठाचा. पण त्या मुलांच्या हातीं जो आंकडा येतो तो त्यांच्या बापाच्या शेताचा आंकडा असतो. जूनमध्यें पऱ्हे टाकण्यापूर्वीं तो घरांत बोलला जातो. पाठ्यपुस्तकांतील कोणत्याही प्रयोगाला ही प्रतिष्ठा नाहीं.

असे प्रश्न सिहोऱ्याच्या आसपास पैशाला पासरी आहेत. कवेलूचें घर, टिनाचें घर आणि स्लॅबचें घर यांत दुपारीं तीन वाजतां व रात्रीं नऊ वाजतां किती फरक पडतो? तलावाजवळच्या विहिरींचें पाणी आणि दूरच्या विहिरींचें पाणी मे महिन्यांत सारख्याच वेगानें खालीं जातें काय? उघड्या भांड्यांतून दिवसाकाठीं किती पाणी उडून जातें, आणि त्यावरून एखाद्या बोडीचें किती पाणी ऊन पिऊन टाकीत असेल? आटलेल्या तलावाच्या कोणत्या भागांत बेशरमाची झुडपें माजलीं आहेत आणि कोठें मूळच्या पाणवनस्पति टिकून आहेत?

यांपैकीं शेवटचा प्रश्न तर पोरखेळ नव्हेच. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर ‘भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ’ आणि त्याचे मनीष राजनकर यांनीं ढिवर मच्छीमारांच्या बरोबरीनें जें काम केलें तें याच प्रश्नावर उभें आहे. उन्हाळ्यांत तलावाचा तळ नांगरावयाचा, बेशरम उपटावयाची, आणि पाणी येतांच देशी पाणवनस्पति लावावयाच्या, म्हणजे स्थानिक मासे परत येतात. हें ज्ञान पुस्तकांतून आलें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या तलावांत उतरणाऱ्या ढिवरांना विचारून आणि करून पाहून तें आलें. तसेंच सारस पक्ष्यांचें. गोंदिया, भंडारा व बालाघाट या पट्ट्यांत ‘सेवा’ या संस्थेच्या पुढाकारानें जून महिन्यांत भल्या पहांटे सारसांची गणना होत आली आहे. तींत तरुण असतात, शेतकरी असतात. भंडारा जिल्ह्यांत हे पक्षी अगदीं बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत; तेव्हां एकेका जोडीची नोंद मोलाची. म्हणजे उन्हाळा हा येथें शोधनाचा मोसमच आहे.

मग हें काम शिक्षकांनींच कां करूं नये? चांगले शिक्षक तें करीतच आले आहेत, आणि त्यांच्यावांचून कोणतीही योजना उभी राहणार नाहीं. परंतु शिक्षकाच्या उत्तराला अधिकाराचें वजन असतें. त्यांनीं ‘टिनाचें घर जास्त तापतें’ म्हटलें कीं मूल तें वहींत उतरवून घेतें आणि विषय संपतो. तेंच एखाद्या मुलीनें गल्लींतल्या दादाला सांगितलें तर संवाद पुढें चालतो. दादा विचारतो, ‘कशावरून?’ ती म्हणते, ‘मी मोजलें.’ ‘किती वाजतां? तापमापक भिंतीला टेकला होता कीं मधोमध टांगला होता? त्याच्यावर ऊन पडत होतें का? तिन्ही घरांत एकाच वेळीं मोजलें का?’ मुलगी जराशी चिडते, पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोजते. आणि रात्रींचा आंकडा तिनें मानलें होतें त्याच्या उलट निघाला तर धांवत येऊन तो दादालाच दाखविते. सरांपुढें चुकण्याची लाज वाटते, दादापुढें वाटत नाहीं. शिवाय दादाला स्वतःला पंधराव्या वर्षीं काय समजत नव्हतें तें अजून आठवत असतें. मोठ्या विद्वानाची अडचण हीच कीं आपण एकेकाळीं कोठें अडलों होतों याचा त्यास विसर पडलेला असतो.

दादालाही यांतून कमी मिळत नाहीं. किंबहुना अधिक लाभ त्याचाच आहे. आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या वहीची एक विद्या सर्वांना अवगत असते. पुस्तकांतील उत्तर समोर ठेवून उलट गणित करावयाचें आणि ‘रीडिंग’ जुळवून लिहावयाचें. लोलकाच्या प्रयोगांत गुरुत्वाकर्षणाचा आंकडा प्रत्येकाचा तंतोतंत येतो; चुकीचा आंकडा लिहिण्याचें धैर्य कोणाला नसतें. या संवयीनें विज्ञानाची पदवी मिळते, पण विज्ञान हातास लागत नाहीं. आतां याच तरुणाला चार मुलांच्या वहीवर देखरेख करावयाची आहे. शंभर तरंगलेल्या दाण्यांपैकीं पुष्कळसे अंकुरले आणि मूल विचारूं लागलें, ‘दादा, हें खोडूं का? पुस्तकांत तर हलकें बीं उगवत नाहीं.’ त्या क्षणीं ‘खोडूं नकोस, असें कां झालें तें शोधूं’ हें उत्तर त्याला द्यावें लागतें. न जुळणारा आंकडा जपून ठेवावयाचा असतो, हा विज्ञानांतील पहिला सदाचार तो दुसऱ्याला शिकवितांना प्रथमच शिकतो.

ही कल्पना हवेंतली नाहीं; निरनिराळ्या अंगांनीं ती अनेक ठिकाणीं करून पाहिलेली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालीं १९८८ सालीं पुण्यास ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन झाली. मुलांनीं नुसती सही मागितली तर नारळीकर सांगत, ‘पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, सहीसकट उत्तर देईन.’ त्यांच्या या संस्थेनें एप्रिल-मे महिन्यांत आठवी-नववींच्या मुलांसाठीं उन्हाळी उपक्रम चालविला. दर आठवड्याला सुमारें तीस मुलें येत. चार-सहा मुलांमागें एक मार्गदर्शक असे. ठराविक अभ्यासक्रम मुळींच नसे. सोमवार ते शुक्रवार काय करावयाचें हें मुलें आणि मार्गदर्शक मिळून ठरवीत, ग्रंथालय मोकळें असे, आणि शेवटीं मुलांनीं आपल्या कामाचा अहवाल लिहून द्यावयाचा. या उपक्रमाचें मर्म दोन गोष्टींत आहे: तुकडी लहान, आणि अभ्यासक्रम नाहीं. पण पुण्याचीं मुलें आयुकाच्या दारापर्यंत चालत जाऊं शकतात. सिहोऱ्याच्या मुलांना तें दार फार दूर आहे.

दूरच्या मुलांचा विचार राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनें केला. १९९३ पासून देशभर सुरूं झालेल्या या परिषदेंत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं लहान गट करून आपल्या परिसरांतील प्रश्न निवडावा, तो मोजावा, तपासावा आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्यांनीं मांडावा, अशी योजना होती. खेड्यांतील मुलांना आपल्या विहिरीचा आणि शेताचा प्रश्न हाही विज्ञानाचा प्रश्न आहे हें तिनें दाखवून दिलें. शेजारच्या मध्यप्रदेशांत १९७२ सालीं सोळा शाळांतून सुरूं झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण उपक्रमानें दुसरी गोष्ट सिद्ध केली: साध्या, स्वस्त, आसपास मिळणाऱ्या वस्तूंनीं खेड्यांतील शाळेंत खरें प्रयोगविज्ञान चालूं शकतें. विद्यापीठांतील अध्यापक आणि संशोधक त्याच्या मदतीस येत. तो उपक्रम २००२ सालीं सरकारी आदेशानें बंद पडला, पण त्याचा धडा बंद पडलेला नाहीं.

अमेरिकेंत तर उन्हाळ्यांतील असें मार्गदर्शन हें विद्यापीठांतील मुलांचें एक मान्य कामच होऊन बसलें आहे. अर्नोल्ड रॉस या गणितज्ञानें १९५७ सालीं शाळकरी मुलांसाठीं गणिताचें उन्हाळी शिबिर सुरूं केलें. तेथें महाविद्यालयीन विद्यार्थी मुलांच्या वसतिगृहांतच राहून त्यांचे रोजचे कागद तपासतात. यांतील अनेकजण स्वतः त्याच शिबिरांत शिकून गेलेले असतात. १९५९ सालीं कॅलिफोर्नियांत ओहाय येथें सुरूं झालेल्या दुसऱ्या एका उन्हाळी शिबिरांत मुलें स्वतः आकाशाचे वेध घेऊन एखाद्या लघुग्रहाची कक्षा गणितानें काढतात, आणि तेथेंही थोरले विद्यार्थी सहायक म्हणून मुलांबरोबर राहतात. हें काम त्या देशांत सुट्टींतील नोकरी म्हणून धरलें जातें, उपकार म्हणून नव्हे.

येथें पुन्हां मोबदल्याचा प्रश्न येतो. अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळा २०१६ पासून देशांत उभ्या राहूं लागल्या आणि २०१७ सालीं त्यांना मार्गदर्शक पुरविण्याची योजना निघाली. तींतील मार्गदर्शक विनामूल्य काम करणारे होते. नोकरी-धंद्यांत स्थिरावलेल्या माणसांनीं विनामूल्य वेळ द्यावा हें भूषणावहच आहे. पण ज्याची फी अजून भरावयाची आहे त्याच्याकडून तीच अपेक्षा करणें न्याय्य नाहीं. महाराष्ट्राला तर हें समजावून सांगण्याचें कारण नसावें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ सालीं सातारा येथें महाविद्यालय उभें केलें, त्याचा पायाच ‘कमवा व शिका’ हा होता. विद्यार्थी शेत खणीत, दगड फोडीत आणि शिकत. मेहनतीच्या पैशानें शिकण्यांत कमीपणा नाहीं, हें त्यांनीं बहुजनांच्या मुलांना दाखविलें. मग खोदण्याला मजुरी द्यावी आणि शिकविण्याला देऊं नये, हा भेद कोणत्या न्यायानें?

आणि रक्कम तरी केवढी? २०२५-२६ या वर्षीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. तोच धरला आणि आठवड्याचे सहा दिवस याप्रमाणें सहा आठवडे, म्हणजे ३६ दिवस काम मानलें, तर एका मार्गदर्शकाचे ११,२३२ रुपये होतात. चार मार्गदर्शक नेमले तर ४४,९२८ रुपये. प्रत्येकाकडे पांच मुलें दिलीं तर वीस मुलांना संपूर्ण उन्हाळाभर स्वतंत्र लक्ष देणारा गुरुबंधु किंवा गुरुभगिनी मिळते. तुलनेसाठीं दुसरा आंकडा पाहावा. केंद्र सरकारनें २००८ सालीं काढलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेंत विज्ञानाच्या गुणवान विद्यार्थ्यास वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद ठरली. तींतील २०,००० रुपये उन्हाळ्यांत एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखालीं संशोधन शिकण्यासाठीं होते. उन्हाळ्यांतील शोधनावर पैसा खर्च करणें योग्य आहे, हें तत्त्व म्हणजे केव्हांच मान्य झालेलें आहे. तें एक पायरी खालीं, शाळेच्या ओसरीपर्यंत आणावयाचें एवढेंच उरलें आहे.

पैसा कोणी द्यावा? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, खाणकंपन्यांचा सामाजिक कार्याचा निधि, गांवचे बाहेर गेलेले नोकरदार, यांपैकीं कोणीही. महाविद्यालयानेंही आपला वांटा उचलावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणें महाराष्ट्रांत आखलेल्या पदवी-अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्प, समाजाशीं संबंध जोडणारा उपक्रम आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक ठेवलेले आहेत. हें मार्गदर्शनाचें काम त्या सदरांत सहज बसूं शकतें. मात्र श्रेयांक दिले म्हणून पैसे देण्याचें कारण नाहीं, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढूं नये. श्रेयांकांनीं बसचा पास निघत नाहीं.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, दादाच मुलांचें काम करून टाकील. ही भीति खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे नोंदवही. ती मुलाच्याच हस्ताक्षरांत, रोजच्या रोज, खाडाखोडीसकट असावी. शेवटीं बक्षीस नसावें, क्रमांक नसावा. जेथें क्रमांक येतो तेथें काका-मामा मदतीला येतात. दुसरा आक्षेप असा कीं, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःलाच किती येतें? थोडें येतें, हें कबूल. म्हणून प्रत्येक चार मार्गदर्शकांमागें शाळेचा एक विज्ञानशिक्षक आणि महाविद्यालयाचा एक प्राध्यापक असावा, आणि आठवड्यांतून एकदां सर्व वह्या त्यांनीं पाहाव्या. ‘मला ठाऊक नाहीं, विचारून सांगतों,’ हें वाक्य मार्गदर्शकानें मुलांसमोर निःसंकोच उच्चारावें. मुलांना तें ऐकण्याचीच अधिक गरज आहे.

तिसरी अडचण ऊन आणि पाणी यांची. नवतपांत मुलांना भरदुपारीं बाहेर काढणें हा अपराध होईल, आणि तलावाकांठचें कोणतेंही मोजमाप पोहतां येणाऱ्या मोठ्या माणसावांचून होतां कामा नये. पुष्कळ घरचीं मुलें पहांटे आईबापांबरोबर तेंदूपत्त्याला जातात; तेव्हां कामाची वेळ सायंकाळचे दोन तास हीच बरी. चौथी अडचण मुलींची. त्यांना गांवाबाहेर पाठविण्यास आईबाप कचरतात. ज्या गांवांत विज्ञान शिकणारी एखादी ताई आहे तेथें तिला प्रथम नेमावें; ताई बरोबर असली कीं घरचीं दारें उघडतात, आणि बारावीनंतर मुलीनें काय करावें या प्रश्नाचें उत्तर त्या घरांना रोज डोळ्यांसमोर दिसत राहतें. पांचवी अडचण विद्यापीठाच्या परीक्षांची. त्या पुष्कळदां मे महिन्यांत रेंगाळतात. म्हणून चार मार्गदर्शकांच्या जागीं पांच नांवें ठेवावींत आणि आरंभ एका ठराविक तारखेवर न अडवितां ज्याची परीक्षा संपेल त्यानें रुजूं व्हावें.

शेवट कसा व्हावा, हेंही आधींच ठरवावें. जूनच्या अखेरीस शाळा उघडेल तेव्हां या मुलांनीं आपली वही गांवापुढें वाचावी. प्रदर्शन नको, हारतुरे नकोत. ज्या शेतकऱ्याचें बियाणें तपासलें तो समोर असावा, ज्या विहिरी मोजल्या त्यांचे मालक असावेत, ढिवर मंडळी असावी. त्यांनीं प्रश्न विचारावे. ‘तुम्हीं माझी विहीर सकाळीं मोजली कीं पंप चालल्यावर?’ असा प्रश्न एखाद्या म्हाताऱ्यानें केला आणि मुलगा निरुत्तर झाला, तर तो त्या उन्हाळ्यांतील सर्वांत मोठा लाभ समजावा. पुढल्या वर्षाचा प्रश्न तेथेंच जन्मतो. वह्या शाळेच्या कपाटांत जपून ठेवाव्यात. पांच वर्षांनीं त्या विहिरींची पांच उन्हाळ्यांची नोंद गांवापाशीं असेल, आणि ती कोणत्याही कचेरींतून मागावी लागणार नाहीं.

त्या पांच वर्षांत आणखी एक गोष्ट घडेल. आज वही लिहिणारी नववींतली मुलगी तोंवर महाविद्यालयांत गेलेली असेल. मे महिन्यांत ती घरीं येईल, आपल्या फीसाठीं काम शोधील, आणि तिला तें आपल्याच गल्लींत मिळेल. तिच्यासमोर पांच नवीं मुलें बसलेलीं असतील. त्यांतलें एखादें विचारील, ‘ताई, हें खोडूं का?’ काय उत्तर द्यावयाचें तें तिला ठाऊक असेल. गुरुबंधूंची परंपरा अशीच चालते. तिला एका उन्हाळ्याची मजुरी तेवढी द्यावी लागते.